फोटोग्राफरचा सगळ्यात वाईट फोटो बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी वाचकांच्या पानावर एक पत्र होतं, की आता मोबाईलमध्येच इतके भारी फोटो येतात तर लग्नात फोटोग्राफरवर पैसे घालवायचे कशाला, आणि त्याच्याच खाली एका ताईंचं पत्र, की मुलीचं लग्न ठरलंय, फोटोग्राफर शोधतोय, इन्स्टावर सगळ्यांचंच काम सुंदर दिसतं, मग खरंच कोणाला जमतं आणि कोणाला नाही हे आमच्यासारख्यांनी ओळखायचं कसं. दोन्ही पत्रं एकाखाली एक मुद्दाम छापलीत की जागा होती म्हणून, कोण जाणे, पण दोघांना उत्तर एकच द्यावं लागेल असं वाटलं म्हणून लिहायला बसलो. मी ठाण्याच्या नौपाड्यात स्टुडिओ चालवतो, पासपोर्ट फोटोपासून मुंज, डोहाळजेवण, लग्न सगळं करतो, त्यामुळे यात माझा स्वार्थ आहे हे आधीच सांगून ठेवतो, नंतर कोणी बोलायला नको.

ताईंना सांगायचंय ते असं, की फोटोग्राफरचे चांगले फोटो बघूच नका. खरंच. चांगला फोटो कोणाचाही येतो हो, हजार वेळा बटण दाबलं की दोन-चार फोटो असे येतातच की काढणाऱ्यालाच आश्चर्य वाटतं, आणि इन्स्टावर नेमके तेच दोन-चार चढतात. त्यापेक्षा त्याला सांगा की एका लग्नाचा अख्खा डेटा दाखव, निवडलेला अल्बम नको, सकाळी हळद लागल्यापासून रात्री गाडी निघेपर्यंतचा सगळा, आणि त्यातले सगळ्यात वाईट फोटो शोधा. काकूंच्या ओट्या भरतानाचे, जेवणाच्या हॉलमधले, आहेराच्या रांगेतले, जिथे उजेड बेकार असतो आणि फोटोग्राफरला स्वतःलाही कंटाळा आलेला असतो. तिथेसुद्धा चेहरे ओळखू येतात, डोळे उघडे आहेत, मागच्या भिंतीवर काळी सावली नाही, रंग पिवळेजर्द झालेले नाहीत, तर डोळे मिटून ॲडव्हान्स द्या. आचारी कसा आहे हे पहिल्या पंगतीच्या जिलबीवरून कोणी ठरवत नाही, शेवटच्या पंगतीला भात कसा आला ते बघतात, तसंच हे. जो डेटा दाखवायला टाळाटाळ करेल, हार्डडिस्क घरी आहे, क्लायंटची प्रायव्हसी आहे वगैरे सांगेल, त्याचं ऐकून घ्या (प्रायव्हसीचं कारण कधीकधी खरं असतं, मग निदान एखाद्या कुटुंबाला विचारून दाखव म्हणावं), पण पुढचं दुकानही बघून ठेवा.

माझ्या मते काम येणं म्हणजे एवढंच, की बटण दाबायच्या आधी माणूस सांगू शकतो की काय येणार आहे, आणि उद्या परत सांगितलं तर परत तसंच काढून दाखवतो. बाकी कला, नजर, स्टाईल हे सगळं त्याच्या वरचं, ते असलं तर सोन्याहून पिवळं, पण त्याच्यासाठी लग्नाच्या दिवशी तुम्ही थांबू शकत नाही.

माझ्याकडे नवीन मुलं शिकायला येतात, बहुतेकांकडे माझ्यापेक्षा महाग कॅमेरा असतो, कुठल्यातरी वीकेंड क्लासचं सर्टिफिकेटही असतं. मी त्यांना सूर्यास्त वगैरे काढायला लावत नाही. चष्मा लावलेले एखादे आजोबा पासपोर्ट फोटोला आले की म्हणतो, हा तू काढ. पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरचं ते एवढंसं चौकट, जगातलं सगळ्यात कंटाळवाणं काम, पण त्यात सगळं कळतं. मुलगा आजोबांना पडद्याला चिकटवून बसवतो, दोन्ही लाईट डोळ्यांच्या उंचीवर समोर लावतो आणि क्लिक करतो. चष्म्याच्या दोन्ही काचांत दोन पांढरे चौकोन, आजोबांचे डोळे गायब, आणि कानामागे पडद्यावर सावल्या. मग तो काय करतो हे मला बघायचं असतं. काही जण परत परत तोच फोटो काढत राहतात, जणू सातव्या वेळी चष्मा लाजून बाजूला होणार आहे. काही जण म्हणतात, फोटोशॉपमध्ये काढू. आणि एखादाच असा निघतो की थांबतो, विचार करतो की उजेड काचेवर ज्या कोनात पडतोय त्याच कोनात परत येतोय, शाळेत शिकलेलंच आहे ते, म्हणजे लाईट वर आणि बाजूला नेला तर त्याची चमक कॅमेऱ्याकडे न येता खाली दुसरीकडे जाईल, चष्म्याच्या काड्या कानावरून केसभर वर उचलल्या की काचा जरा खाली झुकतील, आणि आजोबांना पडद्यापासून चार-पाच फूट पुढे आणून बसवलं की सावली पडद्यापर्यंत पोचणारच नाही. तो मुलगा मला चालतो. त्याच्याकडे सर्टिफिकेट नसलं तरी चालतो. (अमेरिकेच्या व्हिसाला २०१६ पासून चष्मा चालतच नाही, त्यामुळे ते एक बरं झालंय, पण बाकी हजार फॉर्म असतात आणि आजोबांना चष्मा काढून फोटो म्हणजे मी नव्हेच असं वाटतं.)

आता लग्नाकडे येतो, कारण ताईंना तेच हवंय. मराठी लग्नात एक क्षण असतो जो परत करून मिळत नाही, अंतरपाट. हार परत घालायला लावणारे फोटोग्राफर मी बघितलेत, सप्तपदी परत चालायला लावणारेही बघितलेत, देव त्यांचं भलं करो, पण अंतरपाट पडल्यावर त्या दोघांनी एकमेकांकडे पहिल्यांदा जे बघितलं ते परत कुठून आणणार. आणि त्या एका क्षणात सगळ्या अडचणी एकदम येतात. मामा मागे, करवल्या बाजूला, व्हिडिओवाला समोरून आपल्याच लेन्समध्ये त्याचा लाईट मारतोय, मागे डेकोरेशनवाल्याची जांभळी एलईडी वॉल, आणि अर्धं वऱ्हाड मोबाईल वर करून स्टेजवर चढलेलं. ज्याला काम येत नाही तो समोर उभा राहतो, त्याला कापडच दिसतं. ज्याला येतं तो अंतरपाटाच्या रेषेत बाजूला उभा राहतो, म्हणजे कापड हललं की दोन्ही चेहरे एकाच फ्रेममध्ये. तो गुरुजींना आधी जाऊन हात जोडून सांगून आलेला असतो की गुरुजी, कापड वर न उचलता माझ्या विरुद्ध बाजूला ओढा, आणि गुरुजी बहुतेक ऐकतात, त्यांना आधी विचारलेलं आवडतं.

आणि मुख्य म्हणजे त्याला मंगलाष्टकं ऐकू येतात. मी हे सगळ्या मुलांना सांगतो आणि ते हसतात, की सर, फोटोग्राफीत मंगलाष्टकं कुठे आली. अरे, आत्याबाई, काका, शाळेतल्या बाई, सगळ्यांची स्वरचित मंगलाष्टकं म्हणून होतात, किती वेळ चालतील त्याचा नेम नाही, त्यात वीस वेळा ‘सावधान’ होतं आणि वीस वेळा अक्षता पडतात. नवखा माणूस प्रत्येक सावधानला फ्लॅश मारून मारून बॅटरी उतरवून ठेवतो. पण गुरुजींनी ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ धरलं की बहुतेक वेळा आता शेवट आलाय हे ज्याला कळतं तो तेव्हा श्वास रोखून तयार असतो. फ्लॅश फुल पॉवरवर मारला तर परत भरायला दोन-तीन सेकंद घेतो, आणि अंतरपाट ते हार यात कधीकधी तेवढाही वेळ नसतो, म्हणून तो आधीच पॉवर कमी ठेवून आयएसओ (कमी उजेडातही फोटो उजळ यावा म्हणून कॅमेऱ्यात असतं ते सेटिंग) चढवून बसलेला असतो, थोडा ग्रेन, म्हणजे बारीक दाणे, आला तर येऊ दे, फोटो तर येईल. फ्लॅश सरळ तोंडावर न मारता छतावर मारतो, कारण सरळ मारला तर कॅमेऱ्याजवळून उडणाऱ्या अक्षता पांढरे भोपळे होऊन नवरीच्या चेहऱ्यासमोर येतात. छत काळं किंवा फार उंच असेल तर छतावर मारून उपयोग नाही, हेही त्याने सकाळीच हॉलमध्ये शिरताना मान वर करून बघून ठेवलेलं असतं. फोटोग्राफर हॉलमध्ये आल्या आल्या आधी छत बघतो की आधी नाश्ता कुठाय विचारतो, यावरूनसुद्धा पुष्कळ कळतं. (नाश्ता नंतर विचारावा, विचारूच नये असं मी म्हणत नाही.)

ती जांभळी एलईडी वॉल म्हणजे आमच्या धंद्याला लागलेलं नवीन ग्रहण आहे. आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं, आणि स्वस्तातले एलईडी असले आणि शटर फास्ट ठेवलं, म्हणजे ते अगदी क्षणभरच उघडलं, त्यातून आवाज नको म्हणून सायलेंट मोडवर ठेवलं, की फोटोवर आडवे पट्टे येतात, कधी नवऱ्याचं कपाळ उजळ तर हनुवटी काळी. शटर एकशतांश सेकंदावर आणलं की बहुतेक वेळा पट्टे जातात, भिंतीच्या पॅनलचं गणित वेगळं असतं, ते तिथेच ट्राय करून बघावं लागतं. हे कॅमेऱ्याच्या डब्यावर लिहिलेलं नसतं, आणि लग्न संपल्यावर कळून काही उपयोग नसतो. तसंच पावसाळ्यात घोडबंदर रोडच्या एखाद्या लॉनवरच्या रिसेप्शनचं. एसी हॉलमधून कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते, कितीही पुसा, परत धरते, म्हणून ज्याला माहीत आहे तो दुसरा कॅमेरा आधीपासून बाहेरच ठेवतो.

आता मोबाईलवाल्या काकांकडे वळतो. काका, तुमचं अर्धं बरोबर आहे. मोबाईल आता एका बटणात एकामागोमाग एक बऱ्याच फ्रेम घेतो, त्या एकावर एक बसवतो, काळोखातलं उजळतो, आकाश जळू देत नाही, आणि हे सगळं खिशात हात घालायच्या आत. एक्स्पोजर म्हणून, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, जे आम्ही वर्षानुवर्षं घासून शिकलो ते त्याने फुकट देऊन टाकलं, त्याबद्दल माझ्या मनात राग नाही. आणि हे काही पहिल्यांदा होत नाहीये. १८८८ साली ईस्टमनने पहिला कोडॅक कॅमेरा काढला तेव्हाच जाहिरात होती की तुम्ही बटण दाबा, बाकी आम्ही बघतो. शंभर फोटोंचा रोल भरलेला कॅमेरा यायचा, संपला की अख्खा कॅमेराच कंपनीला पाठवायचा. १९७७ ला कोनिकाने बाजारात ऑटोफोकस आणला तेव्हाही आता फोटोग्राफर संपले असं झालंच असणार. प्रत्येक वेळी मशीनने आमच्याकडचं एक काम काढून घेतलं, आणि जे उरलं तेच नेमकं अवघड होतं.

कारण मोबाईल कुठे उभं राहायचं ते सांगत नाही. कधी ते सांगत नाही. नाईट मोडमध्ये त्याला जरा वेळ लागतो, तेवढ्यात तुमचा नातू पळाला की त्याचं भूत येतं. पोर्ट्रेट मोडमध्ये मागचं धूसर करायला तो अंदाजाने कडा कापतो, आणि नवरीची नथ किंवा मोकळी बट तो मागच्या पडद्यात जमा करतो, मोठी करून बघा एकदा. आणि माणसं नाक मोठं आलं म्हणून मोबाईलला शिव्या देतात, ते लेन्समुळे नाही, तुम्ही फार जवळ गेलात म्हणून, दोन पावलं मागे या आणि झूम करा, नाक जागेवर येईल. हे ज्याला कळलं त्याच्या हातात मोबाईल असला तरी माझ्या लेखी त्याला फोटोग्राफी येते. माझ्या सोसायटीतल्या एक काकू आहेत, साध्या फोनवर गणपतीचे असे फोटो काढतात की मी गप्प बसतो. आरतीच्या वेळी त्या ट्यूबलाईट बंद करायला लावतात. बस, एवढंच करतात. निरांजनाचा उजेड मूर्तीवर खालून येतो, चेहऱ्यांवर येतो, आणि अर्धे लोक कुरकुरतात की ट्यूब लाव, दिसत नाही, पण त्या लावू देत नाहीत.

ग्रुप फोटो हा आणखी एक विषय. लोकांना वाटतं त्यात काय, सगळे उभे करा आणि मारा. पण तीन रांगा असल्या आणि कोणी एफ १.८ वर, म्हणजे लेन्सचं भोक पार मोठं उघडून काढला, कारण यूट्यूबवर सांगितलंय की १.८ म्हणजे भारी, तर पहिल्या रांगेतली आजी शार्प आणि मागच्या रांगेतले जावई धुक्यात. भोक बारीक करून एफ ८ च्या आसपास न्यायला लागतं, मग उजेड कमी पडतो, मग तो कुठून आणायचा ते ठरवायला लागतं, हीच तर सगळी गंमत आहे. जागा कमी म्हणून वाइड लेन्स लावली की कडेची माणसं ताणली जातात, म्हणून कडेला बारीक माणसं उभी करायची. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, कडेला उभ्या राहिलेल्या एका मावशींनी अल्बम बघून आमच्या दुकानात येऊन जे सुनावलं होतं ते अजून कानात आहे, आणि तो फोटो माझ्या नाही, सेकंड शूटरच्या हातचा होता. आणि डोळे मिटण्याचं तर शास्त्रच आहे. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेतल्या दोघांनी याचं गणित मांडलं आणि त्यांना २००६ साली गमतीशीर संशोधनाचं इग नोबेल मिळालं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागा, कमी उजेडात दोनने, तेवढे फोटो काढा म्हणजे एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे असण्याची बऱ्यापैकी खात्री. बारा जण, चार फोटो. आमच्याकडे मामा लोक एका फोटोनंतर ‘झालं ना?’ म्हणून निघतात त्यांना हे कापून पाठवावं म्हणतो.

एक गोष्ट मात्र गमतीत घेण्यासारखी नाही, आणि ती आपल्या कोणाच्याच पत्रात आली नाही. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर आंधळा असतो, त्याला समोर काय आहे ते कळत नाही, समोर जे येईल ते मधल्या राखाडी रंगाचं असावं असं तो धरून चालतो. पांढरं सोवळं फ्रेम भरून असलं की तो फोटो काळवंडवतो, काळी पैठणी भरून असली की उजळवून टाकतो. मग सावळी नवरी लाल-सोनेरी झगमगाटात उभी असली की काय होतं? एकतर ती अंधारात जाते, नाहीतर एडिटर तिला उचलून पिठासारखी पांढरी करतो. रोलच्या जमान्यात लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅकचं जे कार्ड यायचं त्यावर बरीच वर्षं गोरी बाईच असायची, तिची कातडी बरोबर आली की मशीन बरोबर, बाकीच्यांनी ॲडजस्ट करून घ्यायचं. आता मोबाईलचे ब्युटी फिल्टर तेच करतात, न विचारता. आणि दुकानात येऊन ‘जरा गोरं करा हां’ म्हणणारे तर आपलेच लोक आहेत. माझ्या मते सावळ्या चेहऱ्याचा सावळाच, आणि तरी उजळून निघालेला फोटो जो काढू शकतो, ज्यात गालावरची चकाकी आणि डोळ्याखालची सावली दोन्ही जागच्या जागी आहेत, त्याला प्रकाश कळला. डेटा बघताना ताईंनी हे जरूर बघावं, वेगवेगळ्या लग्नांतल्या सगळ्या नवऱ्या एकाच रंगाच्या दिसतायत का. दिसत असतील तर समजा की माणसांचे नाही, प्रीसेटचे (सगळ्या फोटोंना एकच रंग देणाऱ्या तयार सेटिंगचे) फोटो काढणारा आहे.

बटण दाबायच्या आधी कळायला हवं असं मी वर म्हटलं, तर एकाने मला ऐकवलं होतं की सर, आता स्क्रीनवर लगेच दिसतं, आधी कळायची गरज काय. त्याला मी होमाई व्यारावालांचं सांगितलं. १९१३ चा जन्म, भारतातल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर, साडी नेसून, स्पीड ग्राफिकसारखा जड कॅमेरा उचलून दिल्लीत मंत्र्यांच्या, पाहुण्यांच्या गर्दीत उभ्या राहायच्या. तो कॅमेरा म्हणजे एक फोटो काढला की प्लेट बदला, फ्लॅशचा बल्ब एकदा उडाला की गेला, नवीन लावा. स्क्रीन नाही, परत घे नाही, नेहरू काही तुमच्यासाठी मागे फिरत नाहीत. त्यांना गाडीचा नंबर मिळाला डीएलडी १३, म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं डालडा १३, अशी मिश्कील बाई. २०११ ला पद्मविभूषण मिळालं, पुढच्या वर्षी गेल्या. स्क्रीन बघायला माझी काही हरकत नाही, मीही बघतो, पण ज्याला फोटो काढून झाल्यावरच कळतं की चुकला, तो अंतरपाटाच्या वेळी ते कळून काय करणार.

काम येतं की नाही हे लग्नाबाहेरही कळतं, म्हणून थोडं खाडीबद्दल. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं, आणि तेव्हापासून रविवारी ऐरोलीला बोटीवर जेवढे पक्षी तेवढ्या लेन्स असं झालंय. मीही जातो, धंदा बाजूला ठेवून. तिथे कोणाला येतं हे ओळखायला सोपं आहे. ज्याला येतं तो कॅमेऱ्याआधी भरती-ओहोटीचं टाईमटेबल बघतो, कारण बोट भरतीच्या हिशोबाने सुटते आणि पक्षी ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात खायला उतरतात, दोघांचं जुळणारं मधलं गणित सापडलं तर फोटो, नाहीतर लांबवर गुलाबी रेघ. काळ्या चिखलावर थोडेसे पक्षी असले की मीटर चिखलाला उजळवतो आणि फिकट गुलाबी पिसं पार पांढरी होऊन जातात, त्यातला तपशील परत येत नाही, म्हणून तो एक्स्पोजर एक-दोन पायऱ्या खाली ओढून ठेवतो, आणि तेच पक्षी उजळ आकाशावर उडाले की उलटं करतो. हे सगळं बरोबर करणाऱ्या एकाला मी नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या पाणथळीच्या काठावर टाळ्या वाजवून थवा उडवताना बघितलं, पंख उघडल्यावर आतला लाल-काळा रंग दिसतो ना, तो हवा होता. फोटो आला, मस्त आला. मी त्याला फोटोग्राफर म्हणणार नाही. दिवसभर खाऊन पोट भरायला एवढ्या लांब आलेला पक्षी तुमच्या टाळीला उडतो आणि त्याचं खाणं बुडतं. थांबला असता तर एखादी घार फिरकलीच असती, थवा आपणहून उठला असता. थांबता न येणं ही पण न येण्याचीच एक जात आहे, मग कॅमेरा कितीही लाखाचा असो.

कॅमेऱ्याच्या किमतीवरून आठवलं, ताईंनी कॅमेरा कोणता हे विचारू नये, पण मेमरी कार्डं किती हे जरूर विचारावं. एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो जातात का, आणि त्या रात्री झोपायच्या आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी होते का. याला कोणी लाईक देत नाही.

संपादक साहेब, आता एक काम तुमच्याकडे. तुम्ही दर पावसाळ्यात फोटो स्पर्धा घेता, चांगलं आहे, पण एक-एक फोटो मागवता. त्यामुळे दरवर्षी तेच होतं, कोणाचातरी एक लॉटरीचा फोटो पहिला येतो आणि पुढच्या वर्षी तो माणूस कुठेच दिसत नाही. यंदा असं करून बघा, प्रत्येकाकडून एकाच तासात, एकाच जागेवर, म्हणजे समजा तलावपाळीच्या एका बाकावरून काढलेले दहा फोटो मागवा, एडिटिंगशिवाय, आणि परीक्षकांना सांगा की दहापैकी सगळ्यात कमजोर फोटोला मार्क द्या. एन्ट्र्या कमी येतील हे मान्य, पण ज्या येतील त्या बघायला मी फुकट परीक्षक म्हणून यायला तयार आहे. आणि बक्षिसाला कॅमेऱ्याची बॅग ठेवू नका हो, ती सगळ्यांकडे दोन-दोन असतात. सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा द्या, ठाण्याच्या पावसात लेन्सला बुरशी लागते त्याला तोच उपयोगी पडतो.

आपला,
एक फोटोवाला
नौपाडा, ठाणे (प.)